पाठीशी एक माणूस

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्हा सुरू होतो आणि लगेच शिरवळ येतं. आज या गावाची ओळख हमरस्ता आणि कारखाने अशी आहे. जवळपास दोनशे वर्षांपूर्वी मात्र पंचक्रोशीतल्या वाड्यावस्त्यांसाठी शिरवळ म्हणजे बाजार. जवळच्या नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांची लेक, सहा-सात वर्षांची, या बाजारात आली होती. हातातला खाऊ खात ती चालली होती. झाडाखाली बसलेल्या एका मिशनऱ्याने तिला हटकलं, असं रस्त्यात खाऊ नये म्हणून सांगितलं आणि चित्रांचं एक छोटं पुस्तक तिच्या हातात ठेवलं. घरी आल्यावर वडिलांनी ते रागाने भिरकावून दिलं. तिने गुपचूप उचलून लपवून ठेवलं. पुढे सासरी जातानाही ते पुस्तक तिच्याबरोबर होतं, असं सांगतात.

ती मुलगी म्हणजे सावित्रीबाई. जन्म ३ जानेवारी १८३१. ही गोष्ट शाळाशाळांतून सांगितली जाते ती पुस्तकाच्या ओढीसाठी. तिच्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. १८४० मध्ये या मुलीचं लग्न झालं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आज कुणी नऊ वर्षांची मुलगी नांदायला पाठवली, तर बालकल्याण समिती, पोलीस, शाळा सगळे धावून येतील आणि त्या मुलीचं बालपण हिरावलं गेलं असंच म्हणतील.

ज्या घरात ती गेली, त्या फुल्यांच्या घराची मुळं साताऱ्यातल्याच खटाव तालुक्यातल्या कटगुणची. त्या घरातला तेरा वर्षांचा नवरामुलगा, जोतीराव, आईविना वाढलेला होता. आई चिमणाबाई गेल्या तेव्हा तो जेमतेम वर्षाचा असेल. त्याला ज्यांनी वाढवलं त्या सगुणाबाई क्षीरसागर नात्याने मावसबहीण, स्वतः बालविधवा, आणि पोटासाठी एका मिशनऱ्याकडे अनाथ मुलं सांभाळणाऱ्या. म्हणजे त्या घरातली तीन माणसं लहानपणीच पोळलेली होती. एकीचं लग्न नवव्या वर्षी, एकाची आई गेलेली, एकीचा संसार सुरू होण्याआधीच मोडलेला. या तिघांमधून पुढे काय उभं राहिलं ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. ते कसं उभं राहिलं, हा प्रश्न आज डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ते जगभर वेगवेगळ्या मुलांबद्दल विचारत आहेत.

मराठीत यासाठी जडजंबाळ शब्द बनवायची गरज नाही. ‘पोर सावरलं’ असं आपण म्हणतोच. ‘तग धरला’ म्हणतो, ‘उभारी आली’ म्हणतो. मात्र हे शब्द वापरताना आपण नकळत सगळं श्रेय त्या पोराला देतो आणि जे सावरलं नाही त्यालाच दोषही देतो. गेल्या काही दशकांच्या अभ्यासाने नेमकी हीच समजूत खोडून काढली आहे.

१९९८ मध्ये अमेरिकेत डॉ. व्हिन्सेंट फेलिटी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांनी आपला गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. सॅन दिएगोमधल्या एका आरोग्यसेवेत तपासणीसाठी येणाऱ्या सतरा हजारांहून अधिक प्रौढांना त्यांनी बालपणाबद्दल विचारलं होतं. घरात मारहाण व्हायची का? कुणी लैंगिक अत्याचार केला का? आईला मारताना पाहिलं का? घरात कुणी दारूच्या आहारी गेलेलं, मनाने आजारी, तुरुंगात गेलेलं होतं का? ही सगळी माणसं बऱ्यापैकी शिकलेली, नोकरीधंद्यातली. तरीही जवळपास दोन तृतीयांश लोकांनी निदान एका प्रश्नाला ‘हो’ म्हटलं. ज्यांचे ‘हो’ चार किंवा त्याहून जास्त होते, त्यांच्यात पुढच्या आयुष्यात हृदयविकार, नैराश्य, व्यसनं, आत्महत्येचे प्रयत्न यांचं प्रमाण कितीतरी जास्त आढळलं.

त्याचं कारण शरीरातच आहे. भीती वाटली की अंगात कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं वाढतात, छाती धडधडते, अंग लढायला किंवा पळायला तयार होतं. धोका टळला की सगळं पूर्ववत होतं. पण धोका घरातच असेल, रोज संध्याकाळी दारात येत असेल, तर मनातली धोक्याची घंटा बंदच होत नाही. वाढत्या वयातल्या मेंदूला मग सदैव सावध राहायची सवय लागते. असं मूल वर्गात बसलेलं दिसतं, पण त्याचे कान दाराकडे असतात. गुरुजींनी फळ्यावर काय लिहिलं हे त्याला सांगता येत नाही, गुरुजींचा आवाज कधी चढला हे मात्र अचूक कळतं. त्याला आपण ‘मठ्ठ’ म्हणतो, ‘अभ्यासात लक्ष नाही’ म्हणतो.

फेलिटी-अँडा यांच्या प्रश्नावलीत एक उणीवही होती. तिच्यात उपासमार नव्हती, जात नव्हती, बालविवाह नव्हता, ऊसतोडीसाठी सहा महिने गाव सोडणं नव्हतं. महाराष्ट्रातल्या मुलांची दुखणी मोजायची तर यादी आणखी लांबते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झाल्याचं दिसलं. दर पाच जणींमागे एक. सावित्रीबाईंचा जन्म होऊन दोनशे वर्षं होत आली तरी हे असं आहे.

हा अंधार सांगून झाल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी. अभ्यासकांना ती सापडली हवाई बेटांमध्ये. कौआई नावाच्या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. बरीचशी मुलं मळ्यांवर राबणाऱ्या कुटुंबांतली. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांच्या वाट्याला गरिबी, घरातली भांडणं, आईबापांचे आजार असं सगळं एकत्र आलं होतं. त्यांतली बरीच मुलं शाळेत मागे पडली, काही गुन्ह्यांतही सापडली. पण या होरपळलेल्या मुलांतली दर तिसरी व्यक्ती नीट वाढली, कामाला लागली, संसारात रमली. वर्नर यांनी पुन्हा पुन्हा शोधलं, तेव्हा या मुलांच्या आयुष्यात एक गोष्ट हटकून सापडली. त्यांना मनापासून जीव लावणारं आणि टिकून राहणारं निदान एक मोठं माणूस. आईबापच असायला हवेत असं नव्हे. आजी चालली, मावशी चालली, शेजारी चालला, शिक्षक चालला. आणखी एक गोष्ट त्यांच्या पुस्तकांत आहे, ती फार दिलासा देणारी आहे. विशीत भरकटलेल्यांपैकीही अनेक जण तिशी-चाळिशीपर्यंत मार्गावर आले. कुणाला चांगला जोडीदार मिळाला, कुणी राहिलेलं शिक्षण पूर्ण केलं. दार एकदा बंद झालं की कायमचं बंद, असं मुलांच्या बाबतीत नसतं.

जोतीरावांच्या आयुष्यातलं ते माणूस म्हणजे सगुणाबाई. लोकांच्या बोलण्यावरून वडील गोविंदराव यांनी जोतीरावांची शाळा सोडवली होती. तेव्हा गफ्फार बेग मुन्शी आणि लिजीट साहेब या दोघा शेजाऱ्यांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ मध्ये मुलगा पुन्हा शाळेत गेला. घरात एक आणि घराबाहेर दोघं. तेवढ्यावर एक मूल सावरलं.

या जोडप्याने पुढे जे काम उभं केलं ते जणू हीच शिकवण घेऊन. पुण्यात काशीबाई नावाच्या एका गरीब विधवेने बदनामीच्या भीतीने आपलं मूल मारलं आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. १८६३ मध्ये फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. गुपचूप या, बाळंत व्हा, मूल ठेवायचं असेल तर ठेवा, नाहीतर आम्ही सांभाळू. १८८४ मध्ये जोतीरावांनी त्याचा हिशेब लिहून ठेवला आहे. तोपर्यंत ३५ विधवा तिथे बाळंत झाल्या होत्या आणि त्या मुलांपैकी जिवंत होती फक्त पाच. बाकीची तीस पोटात असतानाच दिलेल्या विषारी औषधांनी आधीच घायाळ झालेली होती. हा आकडा वाचून थांबावंसं वाटतं. आज शास्त्र सांगतं की आईवरचा ताण गर्भातल्या बाळापर्यंत पोचतो. त्या घरातल्या बायामाणसांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. तीस मुलं हातातून गेल्यावरही दार उघडंच राहिलं.

सावित्रीबाईंचं नायगावही सुटलं नव्हतं. १८५६ मध्ये आजारपणात त्या माहेरी आल्या. भावाने त्यांची मनापासून शुश्रूषा केली, हे त्यांनी ऑक्टोबरमध्ये जोतीरावांना कळवलं. २९ ऑगस्ट १८६८ ला ‘नायगाव, पेटा खंडाळा’ इथून लिहिलेल्या पत्रात त्या एक प्रसंग सांगतात. पंचांग घेऊन गावोगाव फिरणारा गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि महार समाजातली शारजा यांचं प्रेम जमलं. शारजाला सहावा महिना होता. संतापलेलं गाव दोघांची धिंड काढून जीव घ्यायला निघालं. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याची भीती घातली आणि दोघांना वाचवून पुण्याला पाठवून दिलं. पोटातलं ते मूल जन्माला आलं की नाही, पुढे कुठे वाढलं, हे पत्रात नाही. पण ज्या गावाने त्याला मारायचं ठरवलं होतं, त्याच गावच्या लेकीने त्याला जगायची एक संधी मिळवून दिली.

साताऱ्यात हीच वाट पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी रुंद केली. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातीधर्मांची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची, स्वतःची कामं स्वतः करायची. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई वहिनींनी या मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. त्याग म्हणून ही गोष्ट आपण ऐकतोच. त्या मुलांच्या बाजूने ती पाहिली की वेगळं काही दिसतं. आपल्या ताटातली भाकरी कुणाच्या तरी गळ्यातून आली आहे, म्हणजे आपण कुणाला तरी एवढे मोलाचे वाटतो, हे त्यांना कळलं. शिवाय संस्थेच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेने दुसरी गोष्ट दिली. दुःख भोगलेल्या मुलाला आपल्या हाताने काहीतरी होतं, हे कळणं फार औषधी असतं.

इतिहासापुरती ही वाट संपलेली नाही. फलटण तालुक्यातलं सरडे. मजुरी करून पोट भरणारं एक कुटुंब, नाल्याकाठची झोपडी, आणि हाताला काम मिळालं नाही तर चूल थंड. या घरातला प्रवीण जाधव जिल्हा परिषदेच्या शाळेत होता. तिथले शिक्षक विकास भुजबळ यांनी त्याला आधी पळायला लावलं. अंगात ताकदच नव्हती, तेव्हा गुरुजींनी त्याच्या खाण्याकडे लक्ष दिलं. मग क्रीडा प्रबोधिनी, तिथे तिरंदाजी, पुढे सैन्यात नोकरी. २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या जागतिक स्पर्धेत भारतीय संघाला रौप्यपदक मिळालं, त्यात प्रवीण होता. टोकियो ऑलिम्पिकच्या पहिल्याच फेरीत त्याने जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला ६-० असं हरवलं.

अशा बातम्या वाचून लोक म्हणतात, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. हे पूर्ण खरं नाही आणि मुलांच्या बाबतीत तर ते घातक आहे. प्रवीणला गरिबीने घडवलं नाही. गरिबीने त्याला अशक्त केलं होतं. त्याला घडवलं ते ज्या गुरुजींना तो वर्गातल्या गर्दीत दिसला त्यांनी, आणि त्याच्यासाठी जागा असलेल्या सरकारी प्रबोधिनीने. असे गुरुजी न भेटलेली मुलंही त्याच तालुक्यात आहेत. त्यांची बातमी येत नाही.

आज शिरवळ-खंडाळ्याच्या पट्ट्यात परगावाहून कामाला आलेली अनेक कुटुंबं आहेत. भाड्याची खोली, पाळीची नोकरी, आजी-आजोबा दूर गावी. पूर्वी एखाद्या घरात वाद पेटला तर पोर पळत चुलतीकडे जायचं, शेजारची आजी त्याला जेवू घालायची. नव्या वस्तीत ती आजी नाही. म्हणून अंगणवाडीताई, आशाताई आणि शाळेतले गुरुजी यांचं महत्त्व वाढलं आहे. पोटात दुखतं म्हणून शाळा बुडवणारं आणि डॉक्टरांना काहीच न सापडणारं मूल, बऱ्याच वर्षांनी पुन्हा अंथरूण ओलं करू लागलेलं मूल, अचानक गप्प झालेलं किंवा उगाचच अंगावर धावून जाणारं मूल, यांना सगळ्यांत आधी पाहणारी माणसं तीच असतात. ‘तुला काय झालंय?’ असा जाब विचारण्याऐवजी ‘तुझ्यावर काय गुदरलंय?’ असं मनात आणून त्याच्याजवळ बसलं, तरी पुष्कळ फरक पडतो.

घरात मृत्यू झाला तर मोठी माणसं मुलांना वाचवायला म्हणून खोटं बोलतात. ‘बाबा गावाला गेलेत.’ मूल मग रोज संध्याकाळी दारात वाट पाहतं, आणि ते परत येत नाहीत म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं असं समजतं. खरं सांगावं, सोप्या शब्दांत सांगावं, पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगावं. मुलाची शाळा शक्य तितक्या लवकर सुरू करावी. जेवणाची, झोपायची वेळ तीच ठेवावी. उद्या काय होणार हे आधी कळलं की मनातली घंटा हळूहळू शांत होते. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर शांतिलाल मुथा यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना पुण्यात आणून शिकवलं, त्यामागचं शहाणपण हेच होतं. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. अशा वेळी तात्पुरत्या निवाऱ्यातही एक कोपरा मुलांच्या खेळासाठी राखणं हे धान्य वाटपाइतकंच तातडीचं काम असतं.

पण मूल एकटं सावरत नाही. आई कोलमडलेली असेल तर तिच्या पदराला धरून असलेलं मूलही कोलमडतं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद करायचा ठराव केला. सगळ्यांनी तो स्त्रियांच्या सन्मानाचा म्हणून वाखाणला आणि तो तसा आहेच. मात्र त्या खोलीच्या कोपऱ्यात एक सात वर्षांचं पोर उभं असतं, हेही आठवायला हवं. बाप गेला त्याच दिवशी आईचे हात धरून बांगड्या फोडताना त्याने पाहिलेलं असतं. तो ठराव त्या पोराचाही आहे. सांगलीत १९९२ पासून काम करणाऱ्या ‘संग्राम’ या संस्थेने हीच गोष्ट वेगळ्या वस्तीत दाखवली. देहविक्री करणाऱ्या आयांना चोर-गुन्हेगारासारखं न वागवता त्यांना संघटित केलं, तर मुलांच्या पायाखालची जमीनही घट्ट होते. शाळेत ‘बापाचं नाव काय?’ या प्रश्नाने किती मुलं दुखावली असतील. २०२४ मध्ये राज्य सरकारने मुलाच्या नावापुढे आधी आईचं नाव लावायचा निर्णय घेतला, तो अशा मुलांना फार उशिरा मिळालेला दिलासा आहे.

करोनाने आईबाप दोन्ही गमावलेल्या मुलांच्या नावे राज्याने पाच लाख रुपयांची मुदत ठेव ठेवली. एक पालक गमावलेली मुलं त्याहून पुष्कळ जास्त होती. त्यांच्या आयांसाठी हेरंब कुलकर्णी यांच्या पुढाकाराने कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती उभी राहिली, आणि शासनाने ‘मिशन वात्सल्य’खाली तालुक्यातालुक्यांत समित्या नेमल्या. मुलांसाठी जुनीच एक योजना कामाला आली. अनाथ, एकच पालक असलेली, पालक दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेले किंवा तुरुंगात असलेली मुलं संस्थेत न धाडता घरात, नातेवाइकांकडे वाढावीत म्हणून दरमहा मदत देणारी बालसंगोपन योजना. २०२३ मध्ये ही मदत मुलामागे २,२५० रुपये झाली, आणि योजनेला नाव मिळालं क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करायचा, मंजुरी बालकल्याण समितीची. रक्कम थोडी वाटेल. पण मामाच्या घरी राहणाऱ्या भाचीला ‘खायला महाग झालीस’ हे ऐकावं लागू नये, एवढी ताकद त्या रकमेत आहे. संकटातल्या मुलासाठी १०९८ हा फोन क्रमांक आहे, आणि घरातल्या मोठ्यांचं मन खचलं असेल तर टेलिमानसचा १४४१६. दोन्ही फुकट आहेत. हे क्रमांक शाळेच्या भिंतीवर रंगवून ठेवायला काहीच लागत नाही.

१८७४ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृहात एका ब्राह्मण विधवेला मुलगा झाला. फुले दांपत्याने त्याला दत्तक घेतलं आणि नाव ठेवलं यशवंत. जन्माआधीच नको झालेला, जातिबाहेर वाढलेला हा मुलगा पुढे डॉक्टर झाला. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला तेव्हा सावित्रीबाईंनी त्याला बोलावून घेतलं आणि हडपसरजवळ सासण्यांच्या माळावर दवाखाना उघडायला लावला. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग गायकवाड नावाचं दहा-बारा वर्षांचं पोर प्लेगने फणफणत असल्याचं कळलं. सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन माळावर आल्या. यशवंताने उपचार केले. पोर वाचलं. त्याच आजाराने १० मार्चला सावित्रीबाई गेल्या.